बाईंनी न म्हटलेलं वाक्य

माइकवर आधी तळहात ठेवायचा, मग माझ्याकडे बघायचं आणि विचारायचं, "भाऊ, हे आयकून लेकरू निजन का?"

ही बाईंची सवय. जाहिरात चपलांची असो, पंख्यांची असो, की तालुक्याच्या गावी नव्याने उघडलेल्या कापड दुकानाची. कागद हातात घेतला की ओठ हलवत एकदा मनातल्या मनात वाचायच्या आणि मग हा प्रश्न. पहिल्यांदा विचारला तेव्हा मी चिडलो. म्हटलं, "बाई, आपल्याला चपला विकायच्या आहेत, लेकरं झोपवायची नाहीत." त्या शांतपणे म्हणाल्या, "तसं नाई. भोंगा गावात फिरते. घरात लेकरू बी रायते, म्हातारं बी रायते. कोनाच्या पोटात गोळा येईन असं मी बोलत नाई."

तुम्ही आमच्या भागातल्या एखाद्या बाजाराला कधी आला असाल, तर बाईंचा आवाज तुम्ही ऐकलेला आहे, पैज लावतो. ऑटोच्या टपावर दोन भोंगे, बाजूला फ्लेक्स, आणि त्यातून शेजारच्या ओसरीवर बसून फक्त तुमच्याशीच बोलावं तशी बोलणारी एक बाई. गोंडपिपरीपासून अहेरीपर्यंत, तिथून पार एटापल्लीपर्यंत, अकरा वर्षं हा आवाज फिरला. चंद्रपुरात, आमच्या लोकांच्या तोंडी चांद्यात, माझं छोटंसं दुकान आहे. पुढे फ्लेक्सचं काम चालतं, मागे भिंतींना जुन्या गाद्या टांगून केलेली रेकॉर्डिंगची खोली. मी लिहायचो, बाई बोलायच्या.

बाई आधी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या भागातल्या रात्रभर चालणाऱ्या, नाटकांत होत्या. तिशीतच आईच्या भूमिका पदरात पडल्या. "माह्याहून मोठ्या हिरोची मी माय," असं सांगून त्या खूप हसायच्या. "त्याच्या मिशा पिकल्या होत्या भाऊ. बूटपॉलिश लावे. मी रडत रडत त्याले जवळ घेतलं का माह्या गालाले काळं!"

एकदा त्यांनी सावत्र आई केली होती, फक्त एकदा. नाटकात पोराला उपाशी ठेवायचं होतं. बाईंनी असं काही काम केलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावात त्यांना चहा मिळेना. ज्या घरी उतरल्या होत्या, तिथल्या बाईने कपबशी त्यांच्यासमोर उपडी घातली आणि आत निघून गेली. ही गोष्टही त्या हसतच सांगायच्या, पण शेवटी म्हणायच्या, "तवा समजलं मले. मी खोटं बोलली तरी लोकायले खरं वाटते. मंग जपून बोलाव लागते ना?"

आणि त्यांची दुसरी सवय म्हणजे जेवणाची. दुपारचे बारा वाजले की रेकॉर्डिंग अर्धं टाकून बाई उठायच्या. "जेवले का?" आधी मला, मग ऑटोवाल्याला, मग फ्लेक्स घ्यायला आलेल्या अनोळखी गिऱ्हाइकाला. एकदा तर विजेचं बिल टाकायला आलेल्या माणसाला विचारलं. तो बिचारा गांगरला, त्याला वाटलं बिलाची काहीतरी तक्रार आहे. सगळ्यांची उत्तरं मिळेपर्यंत बाईंचा डबा उघडायचा नाही.

मी एकदा विचारलं की हे काय खूळ आहे. भात कालवता कालवता त्यांनी सांगितलं.

"आमी धिवर. तलावाच्या पारीवर घर. सहा वर्साची असन मी. मायनं भावासाठी मरळ मासोळीचा एक तुकडा झाकून ठेवला होता. मले भूक लागली, मी खाल्ला. भाऊ आला, तं त्याच्या ताटात भात अन् रस्साच. मायनं मारलं नाई. मारलं असतं तं बरं झालं असतं. ती इतलंच म्हणे, 'तू जेवली ना? झालं मंग.' अन् आपल्या ताटातला भात त्याच्या ताटात सारला. तवापासून, भाऊ, समद्यायचे ताटं पाह्यल्याबिगर माह्या गळ्याखाली घास उतरत नाई."

त्या दिवशी घरी गेल्यावर बायकोकडे पाहिलं. तीही सगळ्यांची पानं बघत उभी होती. तुम्हीही आज आपल्या घरात बघा. माशाचा तुकडा नसेल, दुधाची साय असेल, पुरणाची पोळी असेल. पण लहानपणी असं काहीतरी ऐकलेली एक तरी बाई तुम्हाला सापडेल.

पुढे मी नागपूरला गेलो, एका शिबिराला. जाहिरातीच्या धंद्यातल्या लोकांसाठी, तीन दिवसांचं, थंडगार हॉटेलात. शिकवणारे सर डोक्याला माइक लावून इकडून तिकडे फिरायचे. फळ्यावर त्यांनी एक मोठा माणूस काढला आणि त्याच्या पोटात एक लहान मूल. म्हणाले, सात वर्षांच्या आत मनात ज्या गाठी बसतात, त्यांच्या दोऱ्या आयुष्यभर बाहेर लोंबत असतात. कोणाला बापाची शाबासकी मिळाली नाही, कोणाला एकटं टाकल्याची भीती बसली, कोणाला आपण दुसऱ्याचं खाल्लं असं वाटत राहिलं. तुमचं काम एवढंच, योग्य ती दोरी ओढायची. माल आपोआप विकला जातो. मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "सर, पण हे बरोबर आहे का?" सर म्हणाले, "छान प्रश्न आहे, जेवणानंतर घेऊ." सगळे हसले. जेवणानंतर तो कोणी काढला नाही. मी तर नाहीच नाही, मी वही भरत होतो.

परत आल्यावर मोठ्या तोऱ्यात बाईंना ते चित्र काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे शिकाले तुमी नागपूरले गेलते? मले इचाराचं होतं ना." मी म्हटलं, तुम्हाला हे ठाऊक होतं? "ठाऊक नसन तं माणसं रडवले कसे मी? सायबाच्या पोटात बी पोट्टं बसून रायते अन् म्हातारीच्या बी. पण त्याले खाऊ दाखवाचा, भाऊ. बागुलबुवा नाई दाखवाचा. तो तं आंधीच भेलेला रायते."

लगेच प्रयोग करायची संधी आली. गोंडपिपरीच्या एका चपलांच्या दुकानाची जाहिरात होती. मी वहीतली दोरी ओढून लिहिलं की बाजारातून रिकाम्या हाताने घरी येणाऱ्या बापाला लेकरू कधी विसरत नाही. बाईंनी माइकवर तळहात ठेवला. प्रश्न विचारायचीही गरज पडली नाही, मीच कागद परत घेतला. मग त्यांनी स्वतः सांगितलं ते असं: "बाप बाजारातून येताना तुमी बांधावर उभे राहून वाट पाह्यली होती ना? आज कोनीतरी तुमची वाट पाहून राह्यलं. लहान्या पायाच्या चपला घेऊन जा. नाई जमलं तं चार फुटाणे न्या, पण हसत जा."

चार फुटाणे! चपलांच्या जाहिरातीत! दुकानदार माझ्या अंगावर धावून आला. म्हणाला, मी पैसे देतो आणि तुम्ही लोकांना फुटाणेवाल्याकडे पाठवता. मी बाईंना म्हटलं, ते वाक्य काढू. त्या ऐकेनात. "ज्याच्यापाशी नाई, त्याले बी घरी जाता आलं पायजे. समदे दरवाजे लावून घेतले तं माणूस आत कोंडते, भाऊ." शेवटी वाक्य राहिलं. आणि गंमत सांगू? बाजारातले बापे ते वाक्य ऐकून हसायचे, हसत हसत दुकानात शिरायचे. दुकानदाराने पुढच्या वर्षी आपणहून सांगितलं की ते फुटाण्याचं राहू द्या.

तेव्हापासून बाईंच्या प्रत्येक जाहिरातीत एक दार उघडं असायचं. पंखा नाही घेता आला तर दुकानात येऊन हवा खाऊन जा. नवं लुगडं नाही तर जुन्याला काठ लावून देऊ. शिबिरातल्या सरांना हे दाखवायला हवं होतं. मी दाखवलं नाही. उलट मनात म्हणत राहिलो की दोन्ही जमतं, दोरीही ओढता येते आणि दारही उघडं ठेवता येतं. बाई आहेत तोवर आपला हात साफ आहे. म्हणजे बघा, माझ्या चांगुलपणाचं कामही मी बाईंवर सोपवून मोकळा झालो होतो.

मग पावडरचे डबे खपवणारा एक एजंट आला.

लहान मुलांच्या वाढीची पावडर. दुधात टाका, पाण्यात टाका. डब्यावर गुटगुटीत बाळ. विष नव्हतं त्यात, उगाच आरोप करत नाही; साखर होती, मैद्यासारखं काहीतरी पीठ होतं आणि वास होता. एजंट म्हणाला, आतल्या गावांतल्या बाया घेत नाहीत, त्यांना असं काहीतरी ऐकवा की घेतलाच पाहिजे. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आज त्या प्रकाशाची लाज वाटते, तेव्हा मात्र छाती फुगली होती. या भागातल्या प्रत्येक बाईची दोरी मला ठाऊक होती. बाईंनीच तर सांगितली होती, भात कालवताना.

मी लिहिलं: "बाई, तू जेवली ना? लेकराचं ताट पाह्यलं का? त्याच्या वाट्याचं कोनाच्या पोटात गेलं?" आणि पुढे डब्याचं नाव.

बाईंनी कागद घेतला. ओठ हलले आणि पहिल्याच ओळीला थांबले. माइकवर हात गेला नाही. लेकरू निजन का, हेही विचारलं नाही. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "भाऊ, हे माह्यं हाये."

मी काहीबाही बोललो. मुलांच्या भल्यासाठीच आहे, आया जाग्या होतील, कुपोषण वगैरे. त्यांनी डबा मागितला, फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. "पयली साखर लिवली हाये. याच्यापक्षा अंडं बरं, पेज बरी. पेज पाजा म्हणून सांगाचं असन तं सांगा, मी फुकट बोलतो. हे नाई बोलाचं." पिशवी उचलली आणि गेल्या.

इथे मी थांबलो असतो तर ही गोष्ट मी तुम्हाला हसत सांगितली असती.

एजंट रोज फोन करत होता. ऑटो ठरले होते, बाजारांचे वार ठरले होते. दुसरी बाई आणून बघितली, ती बातम्या दिल्यासारखी बोलायची. आणि माझ्या कॉम्प्युटरमध्ये अकरा वर्षांचा आवाज पडलेला. हल्ली अशी सोय निघाली आहे की माणसाचा आवाज यंत्राला ऐकवायचा, यंत्र तो शिकतं, मग आपण लिहू ते त्या आवाजात बोलतं. मी बाईंची जुनी, स्वच्छ रेकॉर्डिंगं निवडली. अलीकडची घेतली नाहीत, कारण दोन वर्षांपासून त्यांचा घसा बसला होता, वरचा सूर लागत नव्हता. यंत्राने दोन दिवसांत बाईंना आत्मसात केलं. 'पाह्यलं' म्हणताना त्या जो किंचित थांबा घेत, तोही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी तो कौतुकाचा समजलो.

फुटाण्यासारखं, पेजेसारखं उघडं दार त्यात कुठेच नव्हतं. मी ठेवलं नाही. ठेवायला सांगणारी खोलीत नव्हती.

डबे धडाधड खपले. एजंट पेढे घेऊन आला. एवढंच करून मी थांबलो नाही, हेही आता सांगूनच टाकतो. घसा बसलेल्या बाईंना कशाला त्रास, असं स्वतःला समजावून मी आणखी दहा-बारा जाहिराती यंत्राकडून बोलवून घेतल्या. बसक्या आवाजातल्या सगळ्या, आणि जुन्यांपैकीही कित्येक, त्याच्याकडून नव्याने म्हणवल्या आणि मूळच्या पुसून टाकल्या. काहींत मुद्दाम फुटाणे-बिटाणेही घातले, म्हणजे अगदी बाईंसारखं वाटावं. बाईंना म्हटलं, सध्या काम थोडं मंद आहे, आराम करा. त्या म्हणाल्या, "तुमी जेवत जा पण टायमावर."

अहेरीत त्यांच्या बहिणीचं घर आहे. तिच्याकडे गेल्या असताना त्या आठवडी बाजाराला निघाल्या. पुढचं मला आमच्या ऑटोवाल्याने सांगितलं, काही बाईंनी सांगितलं, आणि काही मी स्वतः पाहिलं, कारण कोणीतरी मोबाइलवर त्याचं चित्रण केलं आणि ते मला सतरा जणांनी पाठवलं.

बाईंच्या पुढे एक तरुण बाई चालली होती. कडेवर दोनेक वर्षांची मुलगी, हातात टोपलीत अंडी, घरच्या कोंबड्यांची. तिने ती अंडी एका हॉटेलवाल्याला दिली आणि ऑटोकडे वळली.

"अंडे काऊन इकून राह्यली वं?" बाईंनी विचारलं. "पोरीले चारत नाई का?"

"चारत होती ना," ती म्हणाली. "आता डबा घेतो. बाईनं सांगतलं."

"कोनत्या बाईनं?"

तिने हात वर करून भोंगा दाखवला. आणि भोंगा म्हणाला, "बाई, तू जेवली ना?"

बाई नंतर मला म्हणाल्या की क्षणभर त्यांना वाटलं आईच आली. हातातली पिशवी तिथेच पडली. मग त्या ऑटोपाशी गेल्या, ऑटोवाल्याच्या हातातून माइक घेतला आणि रेकॉर्डिंग बंद करायला लावलं.

चित्रणात इथून पुढचं दिसतं. बाई बोलायला लागतात, पण तो बसलेला आवाज. "बायांनो, तो आवाज माहा नाई. मी हे बोलली नाई. चांद्याच्या त्या भाऊनं मशीनीकडून बोलवलं. मी जेवताना सांगतलेली माह्या घरची गोष्ट त्यानं चोरली. डबा घेऊ नका. अंडे इकू नका. तुमी जेवल्या म्हणून कोनाचं काई कमी झालं नाई. पोटभर जेवा अन् लेकरायले बी चारा."

गर्दी जमते. कोणीतरी हसतं. एक म्हातारी पुढे येते आणि अगदी सरळपणे म्हणते, "बाई, तुहा आवाज तं तसा नाई. ती भोंग्यातली बाई येगळी. तिचा आवाज आमी लेकराएवढ्या होतो तवापासून आयकून राह्यलो." म्हातारीचा हिशेब जरा चुकला होता, पण सगळ्यांनी माना डोलवल्या. दुसरी एक म्हणते, "तूच ती बाई असन, तं म्हणून दाखव ना तिच्यासारखं. तू जेवली ना, म्हण."

सारा बाजार थांबलेला. तीन शब्दांचं काम होतं. बाई नाटकातल्या होत्या, घसा बसला तरी ठसका गेला नव्हता; त्यांनी ते वाक्य म्हटलं असतं तर त्या म्हातारीने हात जोडले असते. चित्रणात बाईंचा हात गळ्यावर जातो. त्या गर्दीकडे बघतात, कडेवरच्या त्या मुलीकडे बघतात.

"तेच तं म्हणाचं नाई मले," त्या म्हणतात.

लोक पांगले. ऑटोवाल्याने घाबरून भोंगा पुन्हा लावला, त्याचा काय दोष, त्याला मी नेमलेला. अंडी विकलेल्या त्या बाईने मात्र डबा घेतला नाही. ती हॉटेलवाल्याकडे परत गेली, पण तोवर त्याने अर्धी अंडी फोडली होती.

दोन दिवसांनी बाई दुकानात आल्या. मला वाटलं ओरडतील, शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. त्या खुर्चीच्या टोकाला बसल्या आणि म्हणाल्या, "माह्या मायनं मले ते एकडावच म्हटलं होतं, भाऊ. तुमी तिले दिवसातून किती डाव म्हणाले लावलं?"

मी म्हटलं, "चुकलो बाई. बंद करतो." त्या म्हणाल्या, "करा." भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते. माझा डबा टेबलावर तसाच होता. त्यांनी तो पाहिला, मला दिसलं त्यांनी पाहिलेलं. पण विचारलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या मला न विचारता गेल्या.

बंद करतो म्हणणं सोपं होतं. एजंटकडे त्याची प्रत होती. माझे ऑटो थांबले, त्याचे सुरूच राहिले, नदीपलीकडेही गेले. मी फोन केले, भांडलो. तो म्हणाला, आवाज कुठे त्यांचा आहे, यंत्राचा आहे ना? माझंच उत्तर माझ्या तोंडावर; यंत्राला बोलवताना मीही मनात हेच म्हटलं होतं.

बाई मात्र एसटीने फिरल्या. एटापल्ली, गोंडपिपरी, जिथे बाजार असेल तिथे. माइक नाही, काही नाही. भाजीवालीपाशी बसायचं, बांगडीवालीपाशी बसायचं, पाच-दहा बायांना सांगायचं. काहींनी ऐकलं, काहींनी हसून सोडून दिलं. ऑटोवाला सांगायचा, "भाऊ, बाई आज दिसल्या. आवाज तं पुरा गेला त्यायचा." मी म्हणायचो, सोबत जायला हवं आपण. जायला हवं, जायला हवं. गेलो नाही. गर्दीसमोर उभं राहून 'तो चांद्याचा भाऊ मीच' असं सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. त्या वयाच्या बाईला मी एकटीला उन्हातान्हात फिरू दिलं. डब्यांची जाहिरात शेवटी थांबली ती एजंटने दुसरा माल धरला म्हणून. आमच्या दोघांच्याही म्हणण्याने नाही.

मागच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. आठ दिवसांचा ताप. मला तेरवीच्या आदल्या दिवशी कळलं, तेही ऑटोवाल्याकडून. गेलो, मागे बसलो. निघताना त्यांची मुलगी जवळ आली. तिला सगळं ठाऊक असणार असं धरून मी मान खाली घातली होती. ती म्हणाली, "भाऊ, आईचा आवाज असन ना तुमच्यापाशी? आमच्याजवळ फोटो हाये, आवाज नाई. घरचं कोन रेकॉर्ड करते? मले एक द्या."

अकरा वर्षांचा आवाज होता माझ्याकडे. म्हटलं, देतो, नक्की देतो.

दुकानात येऊन कॉम्प्युटर उघडला. चारेकशे जाहिराती, दुकानांच्या नावाने ठेवलेल्या. त्यांतल्या कोणत्या बाईंच्या आणि कोणत्या यंत्राच्या, याची नोंद मी ठेवली नव्हती. ठेवायची नव्हतीच, कोणाला कळू नये म्हणून तर सगळ्या एकात एक मिसळल्या होत्या. एकेक ऐकत बसलो. श्वास ऐकला, यंत्रही श्वास घ्यायचं. थांबे ऐकले, यंत्रही थांबायचं. फुटाण्याचं वाक्य आलं की वाटायचं ही नक्की बाई, आणि मग आठवायचं की ते वाक्य मी यंत्रालाही घातलं होतं. काही जाहिराती त्यांच्याच होत्या, असणारच. पण एका पोरीच्या हातात देऊन 'ही तुझी आई' असं छातीठोकपणे सांगता येईल अशी एकही मला निवडता येईना. तीन दिवस मी तेच करत होतो. अकरा वर्षं ज्यांच्याशेजारी बसून जेवलो, त्यांचा आवाज मला ओळखता येत नव्हता, आणि तो मीच ओळखेनासा करून ठेवला होता.

बाईंनी स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं, कसलीही शंका नसलेलं, असं माझ्याकडे एकच होतं, अहेरीच्या बाजारातलं ते चित्रण.

ते मोबाइलमध्ये घेऊन मी त्यांच्या गावी गेलो. मुलगी होती, जावई होता, अहेरीची बहीण होती, शेजारपाजारच्या सहा-सात बाया गोळा झाल्या होत्या. मुलीने मोबाइल फोटोला टेकवून ठेवला. मी म्हटलं, "यात त्या माझ्याबद्दल बोलल्या आहेत. चांगलं नाही बोलल्या." आणि मी ते लावलं.

"बायांनो, तो आवाज माहा नाई," बाई बोलायला लागल्या. तोच बसलेला, खरखरीत आवाज. चांद्याचा भाऊ आला, मशीन आलं, जेवताना सांगितलेली गोष्ट चोरली ते आलं. एकेक करून सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. जावई उठून अंगणात गेला. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो, कुठे बघावं कळत नव्हतं. मग ते आलं, "तुमी जेवल्या म्हणून कोनाचं काई कमी झालं नाई," आणि बहिणीने पदर तोंडात धरला.

मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. ती मोबाइलच्या अगदी जवळ सरकली होती.

"हाच," ती म्हणाली. "हाच आईचा आवाज. आणखी एकडाव लावा, भाऊ."

मी पुन्हा पहिल्यापासून लावला.